आदी नाव, मंग हात

पाटी माझी होती. ‘लॅपटॉप दुरुस्ती व सुटे भाग’, निळी अक्षरं, खाली माझं आडनाव, आत दिवा असलेली. शटर सकाळी मी वर करायचो आणि मीच खाली ओढायचो. मागच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेला डिप्लोमाही माझाच. आणि तरी अख्खं करावे गाव, सीवूड्सच्या सोसायट्या, नेरूळपर्यंतची माणसं एकमेकांना काय सांगायची? ‘लॅपटॉप बिघडलाय? टेन्शन कशाला घेतोस, काकांकडे टाक ना.’

काका म्हणजे माझे गाळामालक. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात सिडकोने दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर उभी राहिलेली त्यांची बिल्डिंग, वर स्वतः राहायचे, मध्ये भाडेकरू, खाली गाळे. एका गाळ्यात मी. माझ्या दुकानाच्या दारात, पायरीच्या बरोबर उजव्या अंगाला, त्यांची लाल प्लास्टिकची खुर्ची. बनियन, चट्ट्यापट्ट्याची हाफ पँट, गळ्यात गोफ, आणि मांडीवर मासळीवाल्यांचा असतो तसा थर्माकोलचा पांढरा खोका. माझं गिऱ्हाईक पायरी चढायच्या आधी त्यांच्यापाशी अडकायचं. चढलंच तर निदान करून घेऊनच चढायचं. म्हणजे डॉक्टर बाहेर बसलेला आणि मी आत गोळ्या बांधून देणारा.

त्या खोक्यात बर्फ नव्हता, मासळी नव्हती. जुन्या लॅपटॉपची कार्डं होती.

आताच्या लॅपटॉपला कडेला दोन भोकं असली की संपलं. पूर्वी तसं नव्हतं. लॅपटॉपच्या कुशीत एक खाच असायची, पत्त्याच्या कॅटमधलं पान जाईल एवढी रुंद. टेलिफोनच्या वायरीवरून इंटरनेट पाहिजे, त्या खाचेत मोडेमचं कार्ड सरकवा. वाय-फाय पाहिजे, त्याचं कार्ड वेगळं. टीव्ही बघायचाय, व्हिडिओ कॅमेऱ्यातली कॅसेट उतरवायचीय, कारखान्यातलं मशीन जोडायचंय, प्रत्येकाला आपापलं कार्ड. आणि सगळी दिसायला एका आईची लेकरं. पत्र्याची, चपटी, लेबलं झिजलेली. आज ती कोणाला लागतात? तळोज्याच्या कारखान्यात एखादं जुनं मशीन अजून त्याच्यावरच चालतं, एखाद्या डॉक्टरचं यंत्र दुसरं काही ओळखतच नाही, एखाद्याला कपाटाच्या तळाशी सापडतं आणि हे टाकू की ठेवू म्हणून तो घेऊन येतो. असे लोक यायचे. माझ्याकडे यायचे, म्हणजे काकांकडे.

मला ती ओळखता यायची नाहीत असं नाही हां! मी नंबर बघायचो, नेटवर टाकायचो, पाच-दहा मिनिटांत सांगायचो. काका नंबर बघायचेच नाहीत. कार्ड तळहातावर घ्यायचे, जरा उडवून वजन जोखायचे, अंगठा कडेवरून फिरवायचे आणि मग, देवाशपथ सांगतो, वास घ्यायचे. बाजारात बायका माशाचा कल्ला उचलून बघतात तसं टोकाच्या बारीक भोकांत डोकावायचे आणि म्हणायचे, “निवटी हाय.”

त्यांनी सगळ्या कार्डांना खाडीतल्या मासळीची नावं ठेवली होती. मोडेमच्या एका जातीत कड दाबली की फोनची पिन लावायची छोटी खिडकी टुणकन बाहेर यायची. ती निवटी, कारण चिखलातल्या निवटीचे डोळे असेच टपकन वर येतात. वाय-फायच्या कार्डाचं टोक अँटेनासाठी शिंगासारखं खाचेबाहेर राहायचं, ती शिंगाळी. ज्याच्या तोंडाशी सोनेरी पट्टी आणि पट्टीवर बारीक फुगीर ठिपके, ती बोय. “खवलं बग, चमकतंय कशी! ही बोय जुन्या डबक्यान जाव्ची नाय,” म्हणजे फार जुन्या लॅपटॉपला हे कार्ड बसणार नाही. आणि खरंच बसायचं नाही. नंतरच्या काळातलं, एका बाजूने कापलेलं वाकडं कार्ड, ती कोलंबी. खाचेत धूळ जाऊ नये म्हणून कंपनी प्लास्टिकचा नुसता तुकडा घालून द्यायची, आम्ही त्याला डमी म्हणतो, तो सुका बोंबील. “आकार हाय, जीव नाय.”

आता माझं दुःख ऐका. मी माळकऱ्याच्या घरातला. आजोबा कराडकडचे, वडील घाटकोपरला आले, तिथून आम्ही नवी मुंबईत, पण आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. मला बोय कशी दिसते आणि शिंगाळीला मिशा असतात की नसतात हे कुठून कळणार? गिऱ्हाईक आत येऊन म्हणायचं, “काका म्हणाले शिंगाळी आहे, बसवून द्या.” मी मान हलवायचो आणि ते वळलं की मोबाइलवर शिंगाळीचा फोटो शोधायचो. डिप्लोमा भिंतीवर आणि मी खाली बसून मासे बघतोय.

आणि यांना हे सगळं आलं कुठून, तर भंगारातून. गावाची अर्धी खाडी भरावात गेली, मिठागरं गेली, तेव्हा गावातल्या पोरांना ऑफिसांच्या भंगाराची कंत्राटं मिळाली. काकांना बेलापूर-महापेकडच्या ऑफिसांचं मिळालं. बाकीच्यांनी माल किलोवर विकला. काका पोती उपसून एकेक कार्ड बाजूला काढत बसले. का? तर, “बापूस जाला झारायचा, तवा एक मासा नाव घेतल्याबिगर टोपलीन टाकाचा नाय. मी कार्डं कशी टाकू?” त्यांचं एक पालुपद होतं. कोणी कार्ड घेऊन घाईघाईने लॅपटॉपमध्ये खुपसायला लागलं की काका त्याच्या मनगटावर चापट मारायचे. “आदी नाव, मंग हात!” मलासुद्धा मारली आहे. माझ्याच दुकानात, गिऱ्हाइकासमोर.

अंगाचा तिळपापड व्हायचा. पण बोलणार काय? ते कोणाकडून काही घ्यायचे नाहीत. कार्ड लागलं तर खोक्यातून काढून असंच द्यायचे. पैसे घेतले असते तर भांडता आलं असतं. फुकट ज्ञान वाटणाऱ्या माणसाशी भांडायला तोंड कुठून आणायचं?

एकदा मात्र मी पोटभर हसलो. खारघरच्या एका साहेबांना मोडेमचं कार्ड पाहिजे होतं. शुद्ध शाकाहारी, बँकेतून निवृत्त, जुनी हिशेबाची मशीनं जपणारे. काका बाजारात गेले होते. त्यांनी फोनवरून सांगितलं, “वर जा घरान, काकीला सांगा निवटी द्या म्हनून.” साहेब वर गेले. काकी, म्हणजे काकांची बायको, अंगाने भरलेली, कपाळावर मोठं कुंकू, नुकतीच खाडीवरून ताजी निवटी घेऊन बसलेली. पाहुणा आलाय, यांनी सांगितलंय, मग हात आखडता कशाला घ्या? तिने पिशवी भरून दिली. साहेब पिशवी न उघडता खाली आले आणि माझ्या काउंटरवर ठेवली. ती काउंटरवर चालायला लागली.

साहेब किंचाळले. निवट्या उड्या मारत माझ्या कीबोर्डवर, सोल्डरिंगच्या चटईवर, एक तर थेट उघड्या लॅपटॉपमध्ये. मी, माळकऱ्याचा नातू, स्क्रू उचलायच्या चिमट्याने निवट्या पकडतोय! काका आले, दारातून बघितलं आणि म्हणाले, “अगो, हिने खरीच दिली काय!” आणि खुर्चीवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मला वाटलं आता तरी लोक शहाणे होतील. छे! साहेबांनी ती गोष्ट त्यांच्या अख्ख्या ज्येष्ठ नागरिक संघाला सांगितली आणि पुढच्या आठवड्यात नुसते काकांना बघायला म्हणून लोक आले. माझ्या दुकानाला कोणी बघायला आलंय का कधी?

मी एकच गोष्ट मागत होतो. एक काम, फक्त एक, असं व्हावं की ज्यात काकांचा हात नाही. एका तरी माणसाने म्हणावं, या दुकानदाराने केलं.

तसं काम आलं. काका उरणला गेले होते, पुतणीच्या हळदीला. खुर्ची रिकामी होती आणि माझ्या पायरीवर एक बाई उभी. नावड्याच्या कॉलनीत त्यांचं एम्ब्रॉयडरीचं छोटं वर्कशॉप होतं. आगरी-कोळ्यांच्या हळदीला घरच्या सगळ्या बायका एकसारखे ब्लाउज घालतात ना, त्याची बाह्यांवरची आणि पाठीवरची नक्षी त्या काढायच्या. होडी, वल्हं, पापलेट, जाळ्याचा काठ. प्रत्येक घराण्याची वेगळी. एकाची दुसऱ्याला दिली तर जन्माचं वैर. ही सगळी नक्षी त्यांनी मशीनच्या पडद्यावर टाक्याटाक्याने मांडली होती आणि मशीनच्या खाचेतल्या एका जुन्या कार्डात साठवली होती. दुसरी प्रत नाही. मशीन परदेशातून सेकंडहँड आलेलं, विकणाऱ्याचा पत्ता नाही. आणि काल संध्याकाळपासून पडद्यावर बॅटरीचं चित्र लुकलुकत होतं.

“गेलं ना ते, तर मी संपले,” त्या म्हणाल्या. “पुढच्या पंधरवड्यात तीन घरांची हळद आहे. काका नाहीत का?”

“काकांचं काय काम? दुकान माझं आहे,” मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो.

बाईक काढली आणि त्यांच्या रिक्षामागोमाग नावड्याला गेलो. सोपं काम होतं. कार्डाच्या मागच्या कडेला एक चिमुकलं झाकण, आत नाण्यासारखा सेल. जुना काढायचा, नवा घालायचा. मी शिकल्याप्रमाणे पहिलं काम केलं, मशीनचा मेन स्विच बंद केला. चालू वस्तूला हात लावायचा नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. कार्ड बाहेर काढलं. काळं, कोरं, लेबल नाही. स्क्रू ड्रायव्हर झाकणाच्या फटीत घातला.

आणि थांबलो. मनगटावर चापट बसल्यासारखं वाटलं. आदी नाव.

मला नाव येत नव्हतं. निवटी नव्हे, बोय नव्हे. मी कार्ड तळहातावर घेतलं, उडवून बघितलं. बाई माझ्या हाताकडे बघत होत्या. मी वास घेतला नाही. तेवढी लाज अजून शिल्लक होती.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही, बघतोय.”

त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला नाही. सरळ मोबाइल काढला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे हळदीचा बँजो आणि बायकांची गाणी, आणि त्यात काकांचा आवाज, “हॅलो! कोन?” माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू! उरणला बसून हा माणूस नावड्यात माझ्या डोक्यावर उभा! पण फोन कापायची हिंमत माझ्यात नव्हती. त्या बाईंचं सगळं माझ्या तळहातावर होतं.

बाईंनी सांगितलं. काका ओरडून म्हणाले, “त्याला दे. काय रं, शेपटीला झाकन हाय?”

“हो. आत सेल आहे.”

“तोंडाला खवलं?”

“नाही. कोरं.”

“आरं, जिताडा हाय तो! जिता हाय अजून! पान्यान घाल आदी, मंग पोट फार! पान्याभायेर फारशील तं मेला!” मागे ढोल जोरात सुरू झाला आणि फोन कटला.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. “हळदीला जिताडा आणायला सांगतायत का?”

त्या नावड्याच्या खोलीत, मशीनसमोर, काका काय म्हणाले ते फक्त मला कळलं होतं. वर्षानुवर्षं आत बसून, दात-ओठ खात, दारातल्या खुर्चीवरचा शब्द न् शब्द मी ऐकला होता. ज्याच्यावर माणूस जळतो त्याचं बोलणं जितकं कान देऊन ऐकतो, तितकं गुरूचंही ऐकत नाही. जिताडा हातात कधी घेतला नव्हता, पण नाव कानावरून गेलेलं होतं: जिताडा म्हणजे सेलवर जगणारं कार्ड. त्यातलं सगळं त्या सेलच्या धुगधुगीवर टिकून असतं. बाहेर काढून सेल उपसला की त्याच क्षणी कोरी पाटी. त्याला ‘पाण्यात’, म्हणजे चालू मशीनच्या खाचेत, ठेवायचं. मशीनची वीज त्याला जगवते, आणि तो जगत असतानाच सेल बदलायचा. मी जे शिकलो होतो त्याच्या बरोबर उलट.

मी कार्ड परत खाचेत सरकवलं. मेन स्विच चालू केला. मशीन गुरगुरलं, पडदा उजळला, बॅटरीचं चित्र लुकलुकायला लागलं. चालू मशीनमध्ये हात घालून झाकण उघडलं. जुना सेल निघाला. नवा बसेपर्यंत मी श्वास घेतला नाही, बाईंनीही घेतला नसावा. झाकण बंद केलं आणि लुकलुकणं थांबलं. बाईंनी बटणं दाबली. होडी आली. वल्हं आलं. जाळ्याचा काठ आला. एकेका घराण्याचं नाव घेत त्या बघत गेल्या आणि शेवटी मटकन स्टुलावर बसून पदराने तोंड पुसलं.

मग त्यांनी काय करावं? फोन लावला. “काका, झालं हो! सगळं आहे! देवासारखे धावून आलात!”

धावून कोण आलं होतं? माझी बाईक बाहेर अजून गरम होती!

“तुमचा माणूस पण हुशार आहे हां,” त्या पुढे म्हणाल्या.

ढोल थांबला होता. काकांचा आवाज स्वच्छ आला. “माजा मानूस? नाय गो बाय. मालक हाय तो दुकानाचा. मी निस्ती नावं सांगतंय, हात त्याचा हाय. मना एक झाकन उघराला येत नाय.”

हे ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं ना? इतकी वर्षं ज्यासाठी जीव टाकला तेच वाक्य, साक्षीदारासमोर. पण खरं सांगतो, मी आणखी जळलो. माझं कौतुकसुद्धा ह्यांनीच करायचं! मोठेपणाही ह्यांच्याच खोक्यात! मला एकदा तरी त्यांना म्हणता आलं नसतं का, ‘काका, नावं तुमची हां’? मी नाही म्हणालो. परत आल्यावर त्यांनी विचारलं, “जगला?” मी म्हणालो, “जगला.” त्यांनी मान हलवली आणि खोका उघडून वास घेत बसले.

काका गेल्या थंडीत गेले. झोपेतच, कोणाला त्रास न देता. त्यांच्या दहाव्याला खाडीवर एवढी माणसं जमली की गाड्या लावायला जागा नव्हती. खारघरचे साहेब निवट्यांची गोष्ट सांगत होते, नावड्याच्या बाई जिताड्याची. दोन्ही गोष्टींत मी होतो. साहेबांच्या गोष्टीत ‘दुकानातला एक मुलगा’ आणि बाईंच्या गोष्टीत ‘काकांनी पाठवलेला माणूस’. तिथे, पिंडाला कावळा शिवायची वाट बघत उभा असतानाही माझ्या पोटात दुखलं. मेलेल्या माणसावर जळणारा मी एकटाच असेन.

त्यांची पोरं खोका भंगारात देणार होती. काकीने तो स्वतः उचलून खाली आणला आणि माझ्या काउंटरवर ठेवला. “तुलाच नावं म्हायेत हायेत रं बाला,” एवढंच म्हणाली आणि चपला ओढत वर गेली. मी नको म्हणणार होतो. म्हणालो नाही. लाल खुर्ची अजून तिथेच आहे. माझ्या दारात, जागा अडवून. कोणी तिच्यावर टेकायला लागलं की मी आतून ओरडतो.

परवा दुपारी एक मुलगी आली. कॉलेजातली असावी, आजोबांचा बंद पडलेला लॅपटॉप पिशवीत घेऊन. पायरीवर उभी राहून तिने त्याच्या कुशीतलं कार्ड बाहेर काढलं, हातात धरलं आणि विचारलं,

“काका, हे काय असतं हो?”

मी खुर्चीकडे बघितलं. सवय. आता वजन जोखतील, आता अंगठा फिरवतील, आणि गिऱ्हाईक पुन्हा माझ्या हातून गेलं. जळायची तयारीसुद्धा झाली होती माझी.

“काका, तुम्हालाच विचारतेय,” मुलगी म्हणाली.

मी उठलो आणि तिच्या हातातून कार्ड घेतलं. एका बाजूने कापलेलं, वाकडं. नाव जिभेवर आलं होतं. पण आधी ते नाकाशी नेलं.